दुसरी पुडी

चाचांनी मला खोली दिली ती एका अटीवर. "तू फॉरेस्टवाली, नि माज्या घरात बंदूक," ते म्हणाले. "नजर ठेवायची तर खुशाल ठेव. पन समोरून ठेव गं पोरी, दाराआडून नको."

मी म्हणलं, "दाराआड उभं राहायला मी काय नवी नवरी आहे का?" आत चुलीपाशी चाची खळखळून हसल्या आणि खोली मला मिळाली.

मी माण तालुक्यातली. आमच्याकडं जंगल म्हणजे ओढ्याकाठच्या चार बाभळी. परीक्षा दिली, मैदानावर धावून दाखवलं आणि वनरक्षक म्हणून पहिलीच नेमणूक मिळाली ती थेट कर्जतला, कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखालच्या गावांत. मला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यातच बिबट्या दिसेल. दिसले ते चाचा. उंच, काटक, मेंदीनं तांबूस केलेली दाढी, चौकड्याची लुंगी आणि तिच्यावर भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधला जुना खाकी शर्ट. तिथं त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खिशात एक छोटा पाना असायचाच. कुणाच्या घरी चहाला गेले आणि नळ ठिबकताना दिसला, की आधी नळ, मग चहा.

आता बंदुकीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती चाचांच्या आजोबांची. ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, वर काथ्याचा चोथा, मग शिशाची एकच गोळी, आणि हे सगळं लोखंडी गजानं ठासून बसवायचं. मागं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिला केप म्हणतात. घोडा केपवर पडला की बार होतो. एक बार काढायला दीड मिनिट लागतं आणि तेही चाचांसारख्या माणसाला. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शेतीच्या राखणीसाठी म्हणून या बंदुकीचा परवाना आजोबांकडून वडिलांकडं आणि वडिलांकडून चाचांकडं आला होता. आमच्या दप्तरात त्याची नोंद होती, म्हणूनच आमच्या रेंजर साहेबांनी मला सांगितलं होतं, "त्याच घरात खोली बघा मॅडम. बंदूकही डोळ्यासमोर राहील आणि जेवणही चांगलं मिळेल." जेवणाचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

शिकारीला, म्हणजे पिकात घुसणाऱ्या रानडुकरांवर, जायचं तर चाचा भरपेट जेवून जायचे. हे मला भलतंच वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "भुकेल्या मानसाला झुडपात पन मटन दिसतं." अंधारात बार काढायचा नाही, धुकं असेल तर नाही, जनावर पळत असेल तर नाही, आडवं उभं राहून खांदा दाखवत असेल तरच. आणि मागं काय आहे ते आधी बघायचं. कमरेला कातडी पिशवी. तिच्यात कागदाच्या दोनच पुड्या, मोजून मापून बांधलेल्या, दारू आणि गोळी एकत्र. दोनच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एक पुडी तळहातावर घेतली.

"ही जनावराची. नि ती दुसरी माज्या चुकीची."

"म्हणजे?"

"पयला बार नीट नाय लागला तर जनावर तडफडत ऱ्हाणार. त्याला तसं टाकून घरी यायचं नाय. त्याच्या मागं जायचं, नि दुसरी पुडी तिथं खर्च करायची. तिसरी लागत असेल तर मानसानं बंदूक विकून शेळ्या पाळाव्यात."

दर पावसाळ्यानंतर ते दुसरी पुडी अंगणात सोडून दारू दगडावर पसरायचे आणि काडी लावायचे. भस्स करून जाळ व्हायचा, सडक्या अंड्यांचा वास सुटायचा आणि चाची आतून ओरडायच्या, "अवो, माजे कपडे वाळत हायत!" चाचा खुशीत असायचे. दुसरी पुडी न वापरता जुनी झाली, यापेक्षा मोठी बढाई त्यांनी माझ्यासमोर कधी मारली नाही. शिकारीच्या गोष्टी तर सांगायचेच नाहीत. चहाच्या टपरीवर कुणी सुरुवात केली, की उठून सरळ घरी यायचे.

एक गोष्ट मात्र सांगितली, तीही वडिलांची. तेव्हा बंदीबिंदी नव्हती. वडिलांनी भेकर मारलं, म्हणजे मारलं नाही, जखमी केलं. भेकर म्हणजे ते कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. वडील थोडं शोधून घरी आले आणि जेवायला बसले. आजोबांनी ताट पुढ्यातून उचललं आणि म्हणाले, ते जेवतंय का बघून ये. वडील दोन दिवस डोंगरात होते. सापडल्यावर आले, मगच घरात घेतलं. "माज्या अम्मीनं दोन दिवस चूल पेटवली नाय," चाचा म्हणाले. "बापाची चूक, नि उपाशी आमी पोरं." हे सांगताना हसत होते.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या दिवशी चाचांचा थाट बघावा! बंदूक गोधडीत गुंडाळलेली. टमटममध्ये दोन सीटा अडवायच्या. टमटमवाला कुरकुरला की म्हणायचे, "एक माजी, एक हिची. ही काय मांडीवर बसायच्या वयाची नाय." ठाण्यात गेल्यावर कोरडी जागा कुठली, भिंतीला ओल आहे का, वर कौल फुटकं नाही ना, सगळी चौकशी. परत घ्यायला गेले की नळीत करंगळी घालून फिरवायची. एकदा करंगळीला लाल लागलं. चाचांनी हवालदाराला पावतीवर लिहायला लावलं, 'गंज, तांदळाच्या दाण्याएवढा'. हवालदार वैतागून म्हणाला, "चाचा, हिच्यानं कावळा तरी उडतो का हो?" चाचा म्हणाले, "उडतो. म्हनून तर जपायला लागते."

त्यांचा दुसरा किस्सा फार्महाऊसवाल्या शेठचा. आमच्या भागात आता दर टेकडीवर एक फार्महाऊस आहे आणि दर फार्महाऊसात एक शिकारी. हा मोठी गाडी घेऊन आला, अंगावर बारा खिशांचं जाकीट. म्हणाला, "चाचा, आम्ही एथिकल शिकारवाले. आफ्रिकेत केलीये. जुन्या ठासणीच्या बंदुकीनं एकच हरीण मारायचंय. जनावराला पूर्ण संधी, एकच गोळी, सगळं नियमानं."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "एथिकल म्हंजे काय गं?"

"नीतीनं," मी म्हणलं.

"असं व्हय! मंग आधी नळी धू."

सकाळीच गावातल्या तात्यांच्या शेतावर डुकरासाठी बार झाला होता. काळ्या दारूचा बार झाला की नळी त्याच दिवशी कढत पाण्यानं धुवावी लागते, नाहीतर गंज धरते. चाचांनी चाचींना पाण्याचं पातेलं चढवायला लावलं. शेठ अंगणात उकिडवे बसले. पाणी ओतायचं, गजाला चिंधी बांधून घासायचं, काळं पाणी काढायचं. पहिलं पाणी, दुसरं पाणी, पाचवं पाणी. चाचा वर उभे राहून चिंधी तपासायचे, "अजून काळं येतंय." तासाभरानं शेठ कोपरापर्यंत काळे आणि वासानं हैराण. तेव्हा चाचा म्हणाले, "झालं. शिकार म्हंजे एवढंच काम ऱ्हायलंय शेठ. बाकीचं सरकारनं बंद केलं, बरं केलं. नि ही आमची भाडेकरू. फॉरेस्टात हाय." गाडी एवढ्या जोरात गेली की आमच्या दोन कोंबड्या दिवसभर खुराड्यातून बाहेर आल्या नाहीत.

हरणाला हात लावायचा नाही, हा कायदाच आहे. रानडुकराचं वेगळं. पिकात घुसून नासधूस करायला लागलं की शेतकरी अर्ज करतो, वनरक्षक म्हणजे मी जागेवर जाऊन अहवाल देते, साहेब ठराविक दिवसांची परवानगी देतात आणि परवानाधारक बार काढतो. मग मी पंचनामा करते आणि जनावर खड्ड्यात पुरतात. मांस कुणी न्यायचं नाही. गावाला ही शेवटची अट भारी जड जायची. पण चाचांना कोण काय बोलणार? ते मुसलमान, डुक्कर त्यांना वर्ज्य. लांबून गजानं दाखवायचे, हे पाऊल, ही जखम, लिही. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायचे. तात्या एकदा म्हणाले, "चाचा, तुमचं तोंड कोरडंच. मंग एवढा उपद्व्याप कशाला करता रं बाबा?" चाचा म्हणाले, "म्हनून तर तुमी मला बोलावता. ज्याच्या तोंडाला पानी सुटतं त्याच्या हातात बंदूक दिलीत, तर आठवड्यात डुक्कर संपेल नि भेकर पन संपेल." हे तात्यांना पटायचं. सगळ्या गावाला पटायचं. मलाही पटलं होतं, आणि तिथंच माझं चुकलं.

कारण त्या वर्षी थंडीत मला सगळं दिसत होतं. चाचा बशीत चहा ओतायचे तो निम्मा बशीबाहेर. माणूस दारात आला की आवाज ऐकेपर्यंत नाव घ्यायचे नाहीत. पेपर उन्हात नेऊन एकदा लांब, एकदा जवळ धरायचे आणि शेवटी म्हणायचे, "हल्ली छापतातच फिकं." चाची मागं लागायच्या, "अवो, डोळं दाखवून या. मोतीबिंदू हाय." चाचा ठणकावून सांगायचे, "जवळचं दिसत नाय, लांबचं दिसतं. बंदूक लांबचं काम हाय." मी हसले होते. आठवड्याभरातच तात्यांचा अर्ज आला, डुकरानं वालाची रांगच्या रांग उकरून टाकली होती. मी अहवालात लिहिलं, 'परवानाधारक अनुभवी व सक्षम.' हे वाक्य लिहिताना माझ्यासमोर चाचांनी सांडलेला चहा होता. तो मी फडक्यानं पुसला आणि सही केली.

सकाळ उजाडून तासभर झाला होता. कोवळं ऊन, पानांवर दव, वारा अजिबात नाही. तात्यांच्या वालाच्या वरच्या बांधाला करवंदीची दाट जाळी आहे. आम्ही तिघं खालच्या बांधाआड बसलो होतो. जाळीत काहीतरी हललं. तात्यांनी माझा दंड दाबला. चाचांनी बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ धरली आणि बार काढला.

काळ्या दारूचा धूर फार असतो. वारा नसला तर पांढरा पडदाच टांगल्यासारखा उभा राहतो. त्या धुरातून डुक्कर बाहेर आलं, भलं मोठं, धडधाकट, आणि आमच्या डाव्या बाजूनं बांध ओलांडत पसार झालं. तात्या म्हणाले, "चुकला! जाऊ दे चाचा, पळालं तरी पुरे." चाचांनी धूर विरायची वाट बघितली आणि जाळीपाशी गेले.

पानांवर रक्त होतं. चाचा खाली बसले आणि ओल्या मातीवर बोटं फिरवायला लागले. बघत नव्हते, चाचपत होते. तेव्हाच माझी खात्री पटली, या माणसाला समोरची माती दिसत नाहीये.

"खूर बारीक लागतोय," ते म्हणाले. "तू बग गं. काय हाय?"

दोन टोकदार खुणा, माझ्या अंगठ्याएवढ्या. "भेकर," मी म्हणलं.

तात्या मटकन बसले. मग दोन्ही हात झाडत उठले. "कुनी बगितलंय? डुक्कर पळालं, बार चुकला, इषय संपला. मॅडम, तुमी काय बगितलं नाय. चाचा, चला, च्या पिऊ. ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाल काय?"

"तात्या, तू घरी जा," चाचा म्हणाले. "तुला काय म्हाईत नाय."

"अवो, ती फॉरेस्टवाली हाय! तिला बरोबर घेऊन तुमच्या गुन्ह्याचा माग काढताय?"

"मला दिसत नाय तर कुनाला घेऊन जाऊ?"

पहिल्यांदा कबूल केलं त्यांनी, तेही असं, रस्ता विचारल्यासारखं.

आम्ही निघालो. मी पुढं, चाचा माझ्या मागं, त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर. मी रक्त शोधायची, ते जनावराची अक्कल सांगायचे. रक्त संपलं की विचारायचे, "उतार कुठं हाय? जखमी जनावर चढत नाय. पानी धुंडतं." मी उतार सांगायची, आणि थोडं खाली खरंच कुड्याच्या पानावर थेंब दिसायचा. असे आम्ही वालाच्या शेतापासून ओढ्याला लागलो, ओढ्यातून दगडांवरून खाली सरकलो, कारवीत शिरलो, परत ओढ्यात आलो. ऊन चढलं. चाचा दोनदा पडले, गुडघा फुटला. मी म्हणलं, "चाचा, तुम्ही बसा, मी बघून येते." म्हणाले, "बापाला आजोबांनी दोन दिस फिरवलं. मला आताशी चार तास झालेत." मला त्यांचा इतका राग आला होता की बोलू नये. त्यांचा आणि माझाही. चहा सांडणाऱ्या माणसाला मीच सक्षम ठरवलं होतं.

दुपारी ओढ्याच्या डोहापाशी ते सापडलं. कातळाच्या सावलीत, पाण्यापासून दोन हातांवर. जिवंत होतं. गोळी कमरेत लागली होती, इथवर कसंबसं आलं आणि आता कंबरच मोडली होती. पुढचे पाय हलत होते, मागचे नाही. आम्हाला बघून पाण्याकडं सरकायचा प्रयत्न करत होतं आणि सरकत नव्हतं. मी आयुष्यात एवढं वाईट काही पाहिलं नव्हतं.

फोनला एका ठिकाणी रेंज आली. साहेबांना सगळं सांगितलं. साहेब चांगला माणूस, पण त्यांचेही हात बांधलेले. म्हणाले, "डॉक्टर आणि टीम पाठवतो. यायला तीन-चार तास लागतील. तोवर कुणी काही करायचं नाही. तुम्हाला अधिकार नाही, लक्षात ठेवा. नोकरी जाईल." मी होय साहेब म्हणून फोन ठेवला.

आम्ही बसलो. ते ओरडत होतं. एरवीचं भुंकणं नव्हे, बारीक, ताणलेलं, थांबून थांबून. चाचा बंदूक मांडीवर आडवी ठेवून तोंड फिरवून बसले होते. मी म्हणलं, "चाचा, काहीतरी बोला की."

"मी काय बोलू? जंगल तुजं हाय. माजा हक्क सकाळीच संपला."

मी अर्धा तास सहन केलं. नंतर घड्याळ बघणं सोडून दिलं. ते पुन्हा ओरडलं, तेव्हा मी उठले आणि म्हणलं, "भरा."

"साहेबांनी नको सांगितलंय."

"मी सांगतेय. भरा."

चाचांनी दुसरी पुडी काढली. डोळ्यांचं काय व्हायचं ते झालं होतं, पण बोटं तशीच होती, फिटरची. दारू, चोथा, गोळी, गज, केप. एक कण सांडला नाही. मग जनावराजवळ जाऊन गुडघ्यावर बसले आणि थांबले. "कान कुठं हाय, पोरी? मला नुसतं तांबडं दिसतंय. आता चुकलं तर माज्याकडं पुडी नाय."

मी नळी हातात धरली आणि कानामागं टेकवली. हात तिथंच ठेवला. "आता," मी म्हणलं.

बार झाला. चाचांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि नमाजाच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मी रडले, चांगली हमसून रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

टीम आली, जनावर नेलं. आम्ही साहेबांच्या ऑफिसात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. चाचांनी बंदूक टेबलावर ठेवली. साहेबांनी पाणी दिलं, कारकुनाला जबाब लिहायला बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "चाचा, परवानगी तर होतीच. आपण असं लिहू, नेम डुकरावर धरला होता, भेकर मागं आडोशाला होतं, दिसणं शक्यच नव्हतं."

"तसं नका लिवू," चाचा म्हणाले. "हलताना दिसलं होतं. काय हाय ते दिसलं नाय, तरी बार काढला. मला मोतीबिंदू हाय. मला म्हाईत होतं."

कारकुनाचं पेन थांबलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "बरं. आणि दुसरा बार?"

"पोरगी नको म्हनत होती. हात जोडून सांगत होती. मी ऐकलं नाय."

मी बाजूच्या टेबलावर बसून माझा अहवाल पुरा करत होते. ऐकून उडालेच. उठले आणि कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला. त्यात लिहिलं होतं, दुसरा बार माझ्या आदेशावरून, नळी मी स्वतः टेकवली. आणि त्याच्या वर, परवानाधारकाची दृष्टी अधू असल्याचं माहीत असूनही मी त्यास सक्षम म्हटलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय."

"ती," चाचा फटकन म्हणाले. "नवीन हाय. घाबरलीय."

"घाबरले असते तर 'नको म्हणाले' असं लिहिलं असतं, साहेब," मी म्हणलं, आणि उजवा हात टेबलावर ठेवला. बारानं बोटं आणि बाही मनगटापर्यंत काळी झाली होती. साहेबांनी हात बघितला, मग चाचांकडं बघितलं. चाचांना हात दिसला की नाही कोण जाणे, पण मी काय केलं ते कळलं. ते खुर्चीत मागं टेकले आणि त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी तर नाहीच. त्या रात्री घरी चाचींनी दोघांना एका ओळीत वाढलं आणि आम्ही दोन परक्यांसारखे जेवलो.

बंदूक जप्त झाली, परवाना गेला. केस सुरू आहे, तारखा पडतात, चाचा वेळेआधी तासभर जाऊन बसतात. माझी चौकशी झाली. नोकरी राहिली, पण सेवापुस्तकात ताशेरा आला आणि बदली झाली खालापूरकडं, कुंभिवलीजवळच्या नाक्यावर. दिवसभर लाकडाच्या गाड्यांचे पास तपासायचे. ते पान मी अधूनमधून काढून वाचते. माझ्या नोकरीत एवढं खरं दुसरं काही लिहिलेलं नाही, आणि ते पुसून घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही.

चाचींचा फोन यायचा. चाचांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, हे त्यांनीच कळवलं. "आता पेपर शेवटपर्यंत वाचतात नि सगळ्यांना शिव्या घालतात," म्हणाल्या. मी म्हणलं, "माझ्याशी बोलतील का?" चाची म्हणाल्या, "तुजं नाव काढलं की उठून जातात गं."

मग एक दिवस दुपारी नाक्यावर टमटम थांबली आणि चाची उतरल्या, हातात डबा. मागून चाचा, डोळ्यांवर जाड चष्मा. रस्ता ओलांडताना ते माझ्याकडं सरळ बघत आले. मी उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत. चष्मा काढला, लुंगीला पुसला, पुन्हा लावला आणि माझा चेहरा नीट न्याहाळला.

"चाचा, अजून राग आहे?"

"हाय."

"कशाचा?"

"उभ्या जन्मात एकच खोटं बोललो, पोरी, नि ते पन तुज्यासाठी," चाचा म्हणाले. "तेवढं पन तू चालू दिलं नायस."